शहराच्या पोटातील निसर्ग

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. आज या शहरात वेळू पाहावयाचा झाला तर बुरुडाचे दुकान शोधावे लागेल. नावात झाड उरले आणि जमिनीवरून ते गेले, ही गोष्ट एकट्या बेळगावची नव्हे. चिंचवड, पिंपरी, आंबेगाव अशी नावे धारण करणाऱ्या कित्येक गावांची कथा हीच आहे.

शहरातील माणसाला निसर्ग नकोसा झाला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट तो त्याला फार हवा आहे. परंतु तो त्याच्या मनात नेहमी लांब कोठेतरी असतो. रविवारी गाडी काढावी, आंबोलीचा धबधबा पाहावा, चोर्ल्याच्या घाटात धुके अंगावर घ्यावे, वाटेत गरम भजी खावीत आणि सोमवारी पुन्हा घर, दुचाकी, कचेरी व अंथरूण या चौकोनात शिरावे, असा हा क्रम. असे चार-सहा रविवार वर्षाकाठी साधले की निसर्गाचे ऋण फिटले, अशी समजूत होते. आनंद म्हणून ही सहल उत्तमच. पण तिने प्रकृती सुधारते असे मानणे म्हणजे वर्षातून चार वेळा पोटभर जेवून उरलेले दिवस उपवास करण्यासारखे आहे. शरीराचा हिशेब रोजकीर्दीचा असतो. रोज किती चालणे झाले, कोणते पाणी पोटात गेले, कोणती हवा छातीत गेली, डोळ्यांनी दूरवर किती वेळ पाहिले, हे ते लिहून ठेवते. म्हणून नगरवासीयाच्या आरोग्याचा प्रश्न आंबोलीच्या धबधब्याशी सुटत नाही. तो त्याच्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरात काय उरले आहे, तेथे सुटतो किंवा बिघडतो.

बेळगावच्या बाबतीत या दहा मिनिटांच्या अंतरात पुष्कळ काही होते आणि अद्याप काही आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर हे शहर वसले आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूस पाऊस अतोनात, बेळगावात पुरेसा आणि पूर्वेस गोकाककडे उतरले की तुटपुंजा. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाटेवर तीन हवामाने भेटतात. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर येथे छावणी उभी राहिली, त्यात मोक्याच्या जागेइतकाच या हवेचाही वाटा असला पाहिजे. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणण्याची रीत होती. उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागणारे गाव म्हणून पेन्शनरांनी येथे बंगल्या बांधल्या. आता त्याच घरांत पंखा दिवसरात्र फिरतो आणि कित्येक ठिकाणी खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलेले दिसते.

या बदलाचा आरंभ घरामागच्या परड्यापासून झाला. जुन्या बेळगावात, शहापुरात, वडगावात घर म्हटले की मागे परडे आणि परड्यात विहीर किंवा निदान आड, ही मांडणी जणू ठरलेलीच असे. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला जाई. शेवग्याचे एक झाड, कढीलिंब, जास्वंद, एखादा फणस एवढ्यात परडे भरून जाई. विहिरीवर रहाट असे. रहाटाने पाणी ओढताना खांदे, पाठ आणि दंड यांना जो व्यायाम होई तो आज व्यायामशाळेत पैसे भरून करावा लागतो, हे खरे आहे. तथापि ते कष्ट बहुतेक घरांतील बायकांच्याच वाट्याला येत आणि बाळंतीण उठल्याबरोबर तिला रहाटाशी उभे राहावे लागे, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे बरे नव्हे. नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली. चुकले ते एवढेच, की नळ आला म्हणून विहीर टाकून देण्यात आली.

विहीर ही जमिनीत खोदलेली नुसती टाकी नव्हे, हे समजून घेण्यासारखे आहे. बेळगाव शहराच्या बऱ्याच भागाखाली जांभा दगड आहे. ज्याचे चिरे काढून येथील घरे बांधली गेली तोच हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. सह्याद्रीचा काळा खडक लक्षावधी वर्षे ऊनपावसात झिजत गेला, त्यातील विरघळणारे पदार्थ पाण्याबरोबर निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, तेव्हा जांभा झाला. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. या दगडातील भोके आणि वाटा यांतून पावसाचे पाणी सहज खाली जाते. जांभ्याखाली बहुधा चिकण मातीचा थर असतो. तेथे ते अडते आणि साठते. त्यामुळेच थोडे खोदले की पाणी लागते, असा येथील जुना अनुभव आहे. पावसाळ्यात विहीर वर येते, वैशाखात तळाशी जाते. पण जमिनीचे तोंड उघडे असेल तर ती दरवर्षी भरते. जमिनीचे तोंड बंद केले, म्हणजे परड्यावर काँक्रीट ओतले आणि अंगणात पेव्हर बसविले, तर तेच पाणी रस्त्यावरून गटारात आणि गटारातून नाल्यात जाते.

राकसकोपच्या जलाशयाचे पाणी शहरात आले आणि पुढे हिडकल धरणाचेही आले. तेव्हापासून विहिरींचे दैव फिरले. काहींत निर्माल्य पडू लागले, काहींत कचरा. काहींवर स्लॅब पडून वर गाड्या उभ्या राहिल्या. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर ही यांतील सर्वांत नावाजलेली. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते या एकाच अधिवेशनात. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने अधिवेशननगर उभे राहिले आणि हजारो माणसांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदण्यात आली. अधिवेशन संपले, मंडप उठला, विहीर राहिली. पुढे १९९० च्या दशकात पाण्याची ओढ लागली तेव्हा महापालिकेला जुन्या विहिरींची आठवण झाली. काँग्रेस विहिरीसह अनेक विहिरी उपसून, गाळ काढून, त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणण्यात आले. ज्या पिढीने विहीर पाहिलीच नव्हती तिने त्या वर्षांत पाहिले, की आपल्या पायाखाली पाणी आहे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ज्या भोकांतून पाऊस खाली जातो त्याच भोकांतून शौचालयाच्या टाकीतील पाझरही जातो. जांभा दगड पाण्याची जात ओळखत नाही. दाट वस्तीतील विहिरीचे पाणी डोळ्यांना काचेसारखे स्वच्छ दिसले तरी त्यात विषमज्वराचे, काविळीचे वा हगवणीचे जंतू असू शकतात. म्हणून ‘आमच्या आजोबांनी हेच पाणी प्यायले’ हा युक्तिवाद येथे चालणार नाही. आजोबांच्या वेळी शेजारी पाच मजल्यांची इमारत नव्हती. विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, टी.सी.एल. पावडर आरोग्य खात्याच्या सांगण्याप्रमाणे टाकावी, पिण्याचे पाणी गाळून उकळावे. आणि इतके करणे होत नसेल तर विहिरीचे पाणी धुण्यास, झाडांना व न्हाणीसाठी वापरावे. तेवढ्यानेही नळाच्या पाण्यावरील भार पुष्कळ हलका होतो. डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडण्याचा उपाय स्वस्त आणि जुना आहे. ते डासांच्या अळ्या खातात. डेंग्यूचा डास मात्र विहिरीपेक्षा घरातील उघड्या बॅरलमध्ये, कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीवर टाकलेल्या जुन्या टायरमध्ये अधिक सुखाने वाढतो. आठवड्यातून एक दिवस ही भांडी घासून कोरडी करणे हा त्यावरचा खरा इलाज होय. पुष्कळ लोक निसर्गप्रेमाने गॅलरीत वीस कुंड्या ठेवतात आणि त्यांच्या वीस बशा कधी पाहत नाहीत!

विहीर भरावयाची कशी, हेही हिशेबाने पाहावे. एक हजार चौरस फुटांचे छप्पर आणि वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटर धरला, तर त्या एका छपरावर एक लाख दहा हजार लिटरांच्या आसपास पाणी पडते. वाया जाणारा भाग सोडला तरी ऐंशी-नव्वद हजार लिटर उरते. पहिल्या दोन पावसांचे घाण पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत उतरवावे. एक पाइप आणि गवंड्याचे दोन दिवसांचे काम, यापलीकडे त्याला काही लागत नाही.

पाण्यानंतर मोकळ्या जागेकडे वळावे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे आवार बेळगावकरांना ठाऊक आहे. पण एवढे मोठे झाडीचे आवार शहराच्या मध्यभागी का राहिले, हे तेथे रोज फिरावयास जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, सांगवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तयार करण्याची संस्था येथे स्थापन झाली. त्या काळी ही लस वासरांच्या कातडीवर तयार करीत. त्यासाठी जनावरे हवीत, गोठे हवेत, चारा हवा आणि वस्तीपासून दूर थंड हवेची प्रशस्त जागा हवी. बेळगावात ती मिळाली. देवीच्या निर्मूलनाची मोहीम देशात चालू होती तेव्हा गोठवून वाळविलेली लस भारतात चार ठिकाणी तयार होत असे: उत्तरेस पटवाडांगर, दक्षिणेस मद्रासचे गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. भारतातील देवीची शेवटची साथ १९७५ मध्ये संपली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, लशीचे काम संपले. आणि त्या कामासाठी राखलेली जागा झाडांच्या व पाखरांच्या स्वाधीन झाली. आरोग्याच्या एका कामाने मागे ठेवलेली ही ठेव आज दुसऱ्या आरोग्याच्या उपयोगी पडते आहे. बेळगावची निवड २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत झाल्यानंतर या आवारातही बांधकामे आली आणि झाडांसाठी नागरिकांना आवाज उठवावा लागला. रिकामी दिसणारी जागा ही वाया गेलेली जागा, अशी समजूत असणाऱ्यांना हे आवार नेहमीच खुपत राहील.

मोकळ्या जागेचा आणि रोगाचा संबंध आपल्याकडील लोकांनी एकदा फार कठीण प्रसंगी अनुभवला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे काही वर्षांत तो दख्खनभर पसरला. त्या वेळी गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. मोकळ्या हवेने रोग हटतो, असे लोकांना वाटे. खरे कारण निराळे होते: प्लेग पसरे तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, आणि माणसे रानात गेली तेव्हा उंदीर घरात मागे राहिले. समजूत अपुरी होती, पण उपाय बरोबर होता. निसर्गाच्या गुणांविषयी बोलताना असे पुष्कळदा घडते. म्हणून कारण कोणते आणि समजूत कोणती, हे वेगळे करून पाहावे.

झाडांच्या सहवासाने माणूस बरा होतो काय, या प्रश्नावर अलीकडे शास्त्रीय रीतीने विचार झाला आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये एक लहानसा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्याने विचारात घेतले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रोगी सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्र लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे आढळले, की आठवड्यातून निदान १२० मिनिटे बागेत, रानात वा नदीकाठी घालविणारे लोक आपली प्रकृती व मन ठीक असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. मग ती १२० मिनिटे एकदम असोत की थोडी थोडी. अर्थात, प्रकृती चांगली असलेला माणूसच अधिक फिरतो, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे काढून टाकता येत नाही. तरी रोजची वीस मिनिटे हा काही मोठा खर्च नव्हे. प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे झपाझप चालण्यासारखा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, लेले मैदानावर, किल्ला तलावाच्या काठी किंवा छावणीतील सावलीच्या रस्त्यांवर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात.

मुलांच्या बाबतीत पुरावा अधिक बळकट आहे आणि तो डोळ्यांविषयी आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेण्यात आला, इतर शाळांत नेहमीचाच क्रम राहिला. तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांतील शेकडा सुमारे ३९ मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. उघड्यावर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण शेकडा ३० होते. दिवसाच्या भरपूर उजेडामुळे डोळ्याच्या बुबुळाची लांबट वाढ आवरली जाते, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे. वर्गातील दिव्यांचा उजेड कितीही लख्ख वाटला तरी तो झाडाच्या सावलीतील उजेडापेक्षा कितीतरी कमी असतो. ड जीवनसत्त्वाचेही तसेच. काचेच्या बंद खिडकीशी उन्हात बसून ते तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडविते. आता परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. त्या तासाला गणित घेतल्याबद्दल पालक शाळेचे आभार मानतात आणि दोन वर्षांनी मुलाला घेऊन चष्म्याच्या दुकानात जातात.

रस्त्यावरील झाडांविषयी दोन शब्द पुरेत. झाडाची सावली थंड असते ती केवळ ऊन अडते म्हणून नव्हे. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते आणि वाफ होताना उष्णता खर्ची पडते. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. डांबर आणि काँक्रीट मात्र दिवसभर ऊन गिळतात व रात्री ते परत देतात. बेळगावची रात्र पूर्वीसारखी गार लागत नाही याचे एक कारण येथे आहे. रस्ता रुंद करताना झाड तोडले गेले तर ते निदान दिसते. पण झाड ठेवून त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविले म्हणजे ते दोन-चार वर्षांत मुकाट्याने मरते व वादळात एखाद्याच्या गाडीवर पडते. मग झाडालाच दोष मिळतो. बुंध्याभोवती हातभर माती उघडी ठेवणे हे काम कोणत्याही गल्लीतील लोकांना एका सकाळी करता येईल. नवे झाड लावावयाचे तर करंज, जांभूळ, बकुळ यांची निवड करावी. गुलमोहर दिसावयास देखणा खरा, पण त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात. हिरवे ते सर्व हितकर, अशीही समजूत नको. रिकाम्या प्लॉटांत माजणारे गाजर गवत, ज्याला येथे काँग्रेस गवत म्हणतात, अंगाला खाज आणि श्वासाला त्रास देते. ज्या शहरात काँग्रेसची विहीर आहे, काँग्रेस रोड आहे, तेथे त्याच नावाचे हे गवतही सर्वत्र असावे, हा योगायोग मौजेचा आहे. फुले येण्यापूर्वी हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. तसेच खानापूरच्या बाजूस किंवा गोव्याच्या सत्तरीत रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत व परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे. सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्गाकडे २०१६ मध्ये माकडतापाने माणसे दगावली, तो रोग गोचिडीच्या चाव्यातून येतो.

बेळगावचे खरे वैशिष्ट्य मात्र झाडांतही नाही आणि तलावांतही नाही; ते शेतांत आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, येळ्ळूर या भागांत शहराची गल्ली जेथे संपते तेथे भाताचा बांध सुरू होतो. बेळगावचा बासमती याच काळ्या शिवारात पिके व घरात भात शिजला की त्याचा वास गल्लीभर जाई. वळवाच्या सरीनंतर मे महिन्यात धूळवाफ पेरणी होते, आषाढ-श्रावणात शिवार पाण्याने तुडुंब भरते, दिवाळीच्या सुमारास सुगी येते आणि नंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा उभा राहतो. पश्चिमेकडील गावांतून रताळी येतात. शहरातील पाच लाखांच्या जवळपास माणसांना ताजी भाजी, कडधान्य आणि भात दोन-चार मैलांवरून मिळावे, ही सोय आजच्या मोठ्या शहरांना पैसे मोजूनही लाभत नाही. बांधावरून अर्धा तास चालून यावे, शेतकऱ्याकडून मेथीची जुडी घ्यावी, बगळे पाहावेत; डॉक्टर याला व्यायाम, आहार आणि विश्रांती अशी तीन नावे देतील, शहापूरकराला ते फक्त फिरावयास जाणे वाटते.

या शिवाराचे आणखी एक काम आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बळ्ळारी नाला शहराचे पाणी घेऊन याच शेतांतून जातो. पाऊस कोसळतो तेव्हा बांध घातलेली भातशेती पसरट तळ्यासारखे पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. नाल्यात गाळ व सांडपाणी भरले, कडेला भराव टाकून घरे आली, म्हणजे हे काम बंद पडते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत नाल्याकाठी पाणी चढले, शेते बुडाली आणि वस्तीतील घरांतही शिरले. पुरानंतर काय येते ते सर्वांस माहीत आहे: विहिरी दूषित होतात, भिंतींना ओल धरते, तापाची साथ येते. शेतांच्या वर रस्ता आणावा की नाही, हा हलगा-मच्छे बायपासचा वाद शेतकऱ्यांनी न्यायालयापर्यंत नेला. त्याकडे बहुतेक शहरवासीयांनी शेतकऱ्यांचे भांडण म्हणून पाहिले. वस्तुतः ते शहराच्या जेवणाचे आणि शहरातील पुराच्या पाण्याचेही भांडण होते.

येथवर जे सांगितले ते ज्याला सकाळी अर्धा तास मोकळा आहे त्याच्यासाठी. पण तो अर्धा तास सर्वांना असतो काय? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वाळलेली पाने कुटली व चाळली जातात, तेव्हा हवेत जो खकाणा उडतो तो तेथे काम करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर जातो. निपाणीभोवतीचा निसर्ग सुंदर आहे, टेकड्या हिरव्या आहेत; पण पदराने नाक झाकून काम करणाऱ्या बाईस सकाळच्या फेरफटक्याचे गुण सांगणे ही तिची थट्टा ठरेल. तिच्यासाठी निसर्गाचा सहवास म्हणजे वखारीच्या भिंतीत वर-खाली समोरासमोर झरोके, धूळ ओढून घेणारा पंखा, तोंडाला चांगले फडके, हात धुण्यास पाणी आणि दुपारी भाकरी खाण्यापुरती झाडाची सावली. या पाच गोष्टींपैकी एकही फार महाग नाही. बेळगावच्या हातमाग-यंत्रमागाच्या गल्ल्यांत, उद्यमबागेतील कारखान्यांत आणि दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराच्या बाबतीतही हेच लागू पडते.

शाळांना मात्र हे सर्व एका लहान कामात गुंफता येईल. शाळेजवळची एक जुनी विहीर निवडावी. एका लांब दोरीला फुटाफुटावर गाठी माराव्यात, टोकाला वजन बांधावे आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिक्षकाच्या देखरेखीखाली, कठड्याबाहेर उभे राहून मुलांनी पाण्याची खोली मोजावी. वर्गातील भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा. शेजारी पर्जन्यमापकाची नोंद असावी. ते यंत्र नसेल तर सरळ कडांची बाटली आणि पट्टी पुरते. विहिरीपर्यंत चालत जाताना वाटेतील झाडे मोजावीत, ज्यांचे बुंधे पेव्हरने आवळले आहेत त्यांची वेगळी यादी करावी. दोन वर्षांत मुलांच्या हाती असा कागद येईल, की पाऊस किती पडला, विहीर किती चढली, मे महिन्यात ती किती खाली गेली आणि शेजारच्या मैदानावर काँक्रीट पडल्यानंतर तिचे चढणे कमी झाले की नाही. तो कागद महापालिकेच्या टेबलावर ठेवण्यासारखा असेल. दोरीच्या गाठी मात्र पक्क्या माराव्यात. ओल्या झाल्या की सैल पडतात आणि मग फुटाचा हिशेब चुकतो.